सोनतीरच्या पुलाची जागा

सोनतीरला लोकं देवाला जातेत, न्हाईतर उन्हाळ्यात हवा खायला जातेत. मी गेलतो पुलाला. आन तिथं पूल नव्हताच. तो कुठं करायचा, ते ठरवायला आमी गेलतो. परत आल्यापासून गल्लीत जो भेटतो तो इचारतो, "काय बे भानू, काय पाह्यलंस तिकडं?" सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत न्हाई त्याला शेजाऱ्यानं वाचून दाखवावं. नकला मात्र माझ्या मलाच करू द्याव्यात.

जायची पाळी आली तीबी नकलेमुळंच. आमच्या बीडात पानाच्या दुकानापुढं मी कचेरीतल्या एका साहेबाची नक्कल करत होतो. साहेब खोकतो कसा, सही करायच्या आधी टाक झटकतो कसा, झटकून शेजारच्या पेशकार कारकुनाच्या अंगरख्यावर शाई उडवतो कशी. लोकं पोट धरून हसत होती, आन एकदम गप झाली. मागं वळून बघतो तर साहेब! साहेब नुसता खोकला. अगदी माझ्यासारखाच खोकला, पण ते सांगायची ती येळ नव्हती.

माझा काका त्याच कचेरीत चपराशी. घरी येऊन म्हणला, "भान्या, दहा-पंधरा दिवस बीडात दिसू नको. कोकणातून पूल बांधणारा एक नवा ओव्हरसियर आलाय. त्याला आपली बोली कळंना आन सरकारी दफ्तरची उर्दू तर बिलकूल न्हाई. त्याच्यासंगं दुभाष्या म्हणून जा. आन तिथं कुणाची नक्कल केलीस तर बघ, माझी नोकरी जाईल!" मदरशात सात इयत्ता उर्दू घोकली, त्याचा हा पहिला फायदा.

ओव्हरसियरचं नाव नेने. बारीक चणीचा, घाऱ्या डोळ्यांचा, नाकातून बोलणारा माणूस. पहिल्या भेटीत मी इचारलं, "सायब, सोनतीरलाच कावून जायचं?"

"कावून म्हणजे काय रे?"

"का म्हणून."

"मग का म्हणून असं म्हणावं माणसानं! कावून, कावून! कावळ्यासारखं काय ते?"

काकाची तंबी आठवली, पण जीभ ऐकंना. मी तेच वाक्य तसंच नाकातून म्हणून दाखवलं. नेन्यांचे घारे डोळे मोठे झाले. मग म्हणले, "मेल्या, माझ्या आईनं डोळे मिटून ऐकलं असतं तर तुलाच जेवायला वाढलं असतं." तिथून आमचं जमलं.

बीड ते गेवराई

नेन्यांची स्वतःची सायकल होती. मी बैलगाडीत, संगं मापाची साखळी, झेंड्या आन कागदाच्या गुंडाळ्या. साहेब पुढं सायकलीवर. निघताना गाडीवाल्याला म्हणले, "तुम्ही या सावकाश, मी पुढं जाऊन बसतो." पुढं जाऊन बसले खरे, पण बाभळीखाली. कोकणातल्या सायकलीला आमची बाभळ ठावूकच नव्हती. पहिल्या कोसात तीन काटे घुसले. तिसऱ्या खेपेला साहेबांनी सायकल उचलून आमच्या गाडीत ठेवली आन स्वतःबी चढून बसले. गाडीवाला मागं वळून म्हणला, "सायब, ही गाडी गाडीत बसायलाच केलीय व्हय?"

दोन्ही बाजूंनी उभी जवारी. असं काळं रान साहेबांनी कधी बघितलं नव्हतं. माती हातात घेऊन चोळायचे, "काय ही माती! टाक पेरला तर बोरूचं बेट उगवेल!" आपल्या मुलखाची अशी तारीफ ऐकली की मला उगाच वाटतं माती मीच केली.

वाटेत एका शेतकऱ्यानं हाळी देऊन हुरड्याला बोलवलं. वळख ना पाळख, पण आगटी पेटलेली असताना वाटसरू तसाच गेला तर शेतवाल्याला अपमान वाटतो. नेन्यांनी गरम कणीस हातावर चोळायला घेतलं आन बोटं भाजून घेतली. पण लसणाची चटणी, दही आन गुळाचा खडा यांच्यासंगं खाल्ल्यावर जे गप झाले ते पोट भरूस्तवर गपच. मग म्हणले, "नारळ किसून घातला यात तर?"

शेतकरी दचकला. "नारळ देवाला फोडतेत सायब. खातंय कोण रोज?"

"आमच्याकडं आमटीत सुद्धा घालतात."

"मंग देवाला काय देता?"

साहेबांनी कडब्याची ताटं भुईवर नकाशासारखी मांडून आपल्या गावाची गोष्ट सांगितली. समुद्रकाठचं गाव, मुंबईची मोठी माणसं तिथं हवापालटाला येतेत. पण खाडीच्या पाण्यानं गावाचे तुकडे केलेले. एका तुकड्यात बंगले, दुसऱ्यात बाजार, तिसऱ्यात कोळीवाडा. साहेबांनी तिथं नुसते पायी माणसांचे आन सायकलींचे तीन पूल बांधले. गाडी घुसू नये म्हणून तोंडाशी दोन-दोन खांब रोवले. आता संध्याकाळी सगळं गाव एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरतं. ते ऐकूनच आमच्या जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी, तालुकदारांनी, त्यांना बोलवून घेतलं होतं. सोनतीर गोदावरीच्या काठी. तिथंबी मोठी माणसं हवेला यावीत आन गावाचे तुकडे सांधावेत, अशी त्यांची तजवीज.

शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी गाडी जायची न्हाई पुलावरून?"

"नाही."

"मंग बैल?"

"बैल पाण्यातून."

"माणसाला पूल आन बैलाला चिखल! बैलानं काय गुन्हा केलाय सायब?"

ही नक्कल मी पुढं चार दिवस नेन्यांना करून दाखवत होतो. दर खेपेला ते हसायचे, आन हसून झाल्यावर जरा इचारात पडायचे.

सोनतीर

गोदावरीला तिकडं गोदावरी म्हणत न्हाईत, गंगाच म्हणतेत. मी पहिल्या दिवशी "नदीवर जाऊन येतो" म्हणलो तर मंदिरातल्या गुरवानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्या आईला नावानं हाक मारली. आमची बिंदुसरा बीडातून जाते ती शेजारणीसारखी, कधी भरलेली, कधी कोरडी. गंगेचं तसं न्हाई. रुंद, शांत, थंडीत पाणी आरशासारखं, आन काठाला मैलभर पांढरी वाळू. वाळूत लोकांनी टरबुजाचे येल लावलेले. साहेब म्हणले, "भानू, हे समुद्राचं धाकटं भावंड आहे रे." मी समुद्र पाह्यलेला न्हाई, पण गंगा बघितल्यावर मला त्याची एवढी हौस राह्यली न्हाई.

गावाचे मात्र खरंच दोन तुकडे. मधून खोल ओढा जातो आन गंगेला मिळतो. अलीकडं पेठ, बाजार, गेवराईची वाट. पलीकडं मंदिर, घाट, पाटलाची आमराई आन वरच्या अंगाला लिंगायतांचे पानमळे. आमचा मुक्काम पानमळ्यात, काशीअक्काकडं. अक्का पन्नाशीची, गळ्यात लिंग, हातात इळा, आन जीभ इळ्याहून धारदार. मला बघून पहिलंच वाक्य, "हा दुभाष्या? ह्याला तर मिसरूडबी दोन ठिकाणी बोलतंय."

पण जेवायला घातलं तिनं! जवारीची पांढरीधोट भाकरी, अंबाड्याची भाजी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, वरून तिळाची पोळी. आमच्या घरीबी भाकरीच, पण बीडात पाहुण्याला भाकरी मोडून वाढतेत. अक्का अख्खी वाढायची आन आमी ती मोडायला लागलो की दुसरी टाकायची. शेवटी पान. काय ते पान! हिरवं, पातळ, तोंडात टाकलं की विरघळलं. नेने कधी पान न खाणारे, पण त्यांनी दोन खाल्ली आन तोंड लाल करून माझ्याकडं बघितलं. मी त्यांना आरसा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेलो तर एक अजब दिसलं. अक्काचा दीर शिवाप्पा पाण्यातून पेठेकडं जात होता. डोक्यावर पानाची डाली आन खांद्यावर सायकल. सायकलीवर बसलेला माणूस मी लई पाह्यला, पण माणसावर बसलेली सायकल पहिल्यांदाच. पेठेच्या काठाला लागल्यावर त्यानं सायकल खाली ठेवली, दोन्ही बाजूंना डाल्या बांधल्या आन गेवराईकडं सुटला.

"ऊन चढायच्या आत पान बाजारात पोचावं लागतं," अक्का म्हणली. "आता पाणी गुडघ्याएवढं हाय म्हणून निभतंय. पावसाळ्यात तीन-तीन दिवस ओढा उतरत न्हाई. तोडलेलं पान डालीतच काळं पडतं. बाजारवाल्यानं सांगून ठिवलंय, औंदा पुन्हा खाडा झाला तर पान दुसरीकडून घेणार. मंग मळा मोडायचा आन जवारी पेरायची. माझ्या सासऱ्यानं लावलेला मळा हाय, भानू. त्याचा एकेक येल मी लेकरासारखा बांधलाय."

"पण अक्का, आता पूल होतोयच की."

"होतोय, पण कुठं? पाटील म्हणतो घाटापाशी, त्याच्या आमराईत. तिथं हवा खाणाऱ्यांचे तंबू पडणार म्हणून. आमराईतून पानमळ्याला वाट हाय का? मधी पाटलाचं कुंपण! आमाला तो पूल आभाळातल्या चांदण्यासारखा. बघायचा."

पूल एकच मंजूर होता. जागा दाखवायला चार दिवसांनी खुद्द तालुकदार साहेब दौऱ्यावर येणार होते.

राख

नेने कुणाचंच ऐकून घेत नव्हते, पाटलाचं न्हाई आन अक्काचंबी न्हाई. म्हणायचे, "माणसं तोंडानं खोटं बोलतील, पाय खोटं बोलत नाहीत." कोकणात त्यांनी एक रीत काढली होती. संध्याकाळी वाटेवर चाळलेली राख पसरायची, आन सकाळी त्यात किती पावलं उमटली ते मोजायचं. जिथं पावलं जास्त, तिथं पूल. मला रीत लई पटली. आमी गावभरच्या चुलींतली राख गोळा केली आन दोन ठिकाणी पसरली, घाटावर आन शिवाप्पा जिथून ओढा वलांडतो त्या पानमळ्याच्या उतारावर.

सकाळी उठून उताराकडं गेलो. राखेचा पत्ता न्हाई! वाट झाडून लख्ख. वर शेणसडा. आन सड्यावर ही मोठी रांगोळी: दोन चाकं, मधी दांडा, पुढं मूठ. सायकल! चाकांच्या आऱ्या कमळाच्या पाकळ्यांसारख्या. कडेला अकरा बाया पदर सावरून उभ्या, कौतुकाची वाट बघत.

"हे कुणी केलं?" साहेबांचा आवाज नाकातसुद्धा राह्यला न्हाई.

"आमीच की," अक्का म्हणली. "सरकारी माणूस आलाय आन कुण्या मेल्यानं वाटंवर राख टाकली! राखंतून सायबाला चालवायचं व्हय? पहाटं उठून समद्या जणींनी झाडून घेतलं."

तो मेला कोण, हे मी सांगितलं न्हाई. नेने डोकं धरून दगडावर बसले. मग आमी घाटावर गेलो. तिथं राख जशीच्या तशी. त्यात एक कुत्रं येऊन गेलेलं, एक शेळी, आन पाटलाचा जोडा. पाटील धावत आला. "बघा सायब, रहदारी!"

"हो," नेने म्हणले. "कुत्र्याची रहदारी चांगली आहे."

घाटावरून निघताना ते एकदम थांबले. "भानू, इथली राख कुणी झाडली नाही. का?"

"कारण ही वाट कुणाची न्हाई."

"आणि तिथं अकरा बायका पहाटे उठल्या." मग चालता चालता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी बीडात कुणालाच सांगितली नव्हती. खाडीवरचा त्यांचा पहिला पूल जिथून सूर्यास्त चांगला दिसतो तिथं बांधलेला. मोठ्या माणसांनी तारीफ केली. पण कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन पहिल्यासारख्याच चिखलातून जात राह्यल्या, कारण त्यांची वाट तिथून नव्हतीच. "रोज संध्याकाळी मी त्या पुलावर उभा राहायचो, आणि त्या खालून जायच्या. वर बघायच्यासुद्धा नाहीत. पुन्हा असा पूल माझ्या हातून झाला, तर मी हे काम सोडीन रे."

पण पावलं तर झाडून गेली. तालुकदारांना दाखवायचं काय? रांगोळी?

पुढच्या दोन सकाळी आमी उतारावर बसून राह्यलो. साहेब कागद घेऊन, मी नुसता डोळे घेऊन. येणारा-जाणारा कसा चालतो ते मी बघायचो आन मागून साहेबांना करून दाखवायचो. कडब्याचा भारा डोक्यावर घेतलेली बाई: चालते सरळ, पण भारा तिच्या दुप्पट रुंद, दोन्हीकडं झोके खातो. पाण्याची कावड: कावडवाला वळताना अख्खा वळतो. शिवाप्पाची सायकल: दोन डाल्यांमुळं गाभण म्हशीसारखी. साहेबांनी कोकणातल्यासारखा दोन माणसांएवढा पूल काढला होता. त्या मापात माझा भारा आन माझी सायकल समोरासमोर आणली तर दोन्हीबी कठड्याला घासायची. त्यांनी नक्शा खोडला, रुंदी वाढवली. मग कठडासुद्धा सरळ न ठेवता वरून जरा बाहेर झुकवला, म्हणजे पाय आत आन भारा बाहेर. त्या माणसाची मला लई कमाल वाटली. माझ्या वेड्यावाकड्या चालीतून तो लाकूड आन लोखंड बघत होता.

तालुकदार साहेबांचा दौरा

तालुकदार साहेब आले, मागं पेशकार, छत्री धरणारा चपराशी, आन पुढं पाटील. पाटील सगळ्यांना सरळ आमराईकडं वळवायला लागला. नेन्यांनी माझ्या पाठीत बोट रुतवलं, "सांग, आधी उतारावर चला म्हणावं."

तालुकदार साहेब म्हणले, "वहाँ क्या है?"

माझ्या तोंडातून गेलं, "हुजूर, वहाँ पूल है."

तालुकदार साहेब तिकडं वळले. आमी उताराकडं गेलो. पूल कुठला? आदल्या संध्याकाळी अक्काच्या घरचा भिंतीला लावायचा चुना घेऊन मी आन नेन्यांनी ओढ्याच्या दोन्ही काठांवर दोन-दोन रेघा मारल्या होत्या, नक्श्यातल्या मापानं. पाण्यापाशी रेघा थांबत होत्या.

"ये पूल है?" तालुकदारांच्या भुवया वर गेल्या.

नेन्यांनी माझ्याकडं बघितलं. अक्काबी बघत होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. काका डोळ्यापुढं आला, पण मी रेघांच्या मधी शिरलो आन सुरू झालो. भारा घेतलेली बाई झालो. कावड झालो. शिवाप्पा झालो, पाण्याजवळ सायकल खांद्यावर घेतली, धापा टाकल्या. मग पावसाळा केला: ओढ्याकडं बघत बसलेला माणूस, डालीतलं पान उलटून बघतो, काळं पडलेलं टाकतो, पुन्हा ओढ्याकडं बघतो. मंडळी हसत होती ती हळूहळू थांबली.

मग मी घाटावरचा पूल केला. एकटा कुत्रा, शेपूट हलवत, आरामात. हसू असं फुटलं की पाटीलसुद्धा हसला, मग आठवण होऊन गप बसला.

तालुकदार साहेब हसले न्हाईत. काठी टेकून म्हणले, "और हम? हम कैसे चलेंगे इस पर?"

न्हाई म्हणलं तर पूल बुडतो, करून दाखवलं तर काकाची नोकरी. मी अक्काकडं बघितलं न्हाई; बघितलं असतं तर धीर सुटला असता. पोट पुढं काढलं, काठी घेतल्यासारखा हात केला, आन दमादमानं निघालो. तीन पावलं, थांबणं, इकडं-तिकडं बघणं, मिशीवर बोट, पुन्हा तीन पावलं. मागं छत्रीवाला झालो, बाजूला वाकलेला पेशकार झालो. आन समोरून आला कडब्याचा भारा! हुजूर जरा बाजूला झाले, भारा जरा बाहेर झुकला, कुणाला कुणाचा धक्का लागला न्हाई. हुजूरनं मान हलवली आन पुढं गेले.

मग तालुकदार साहेबांच्या मिशा हलायला लागल्या. "मूँछ पर उँगली," ते पेशकाराला म्हणले, "हम ऐसा करते हैं?"

पेशकार गरीब माणूस. म्हणला, "हुजूर... कभी-कभी."

तेव्हा ते हसले, आन हसता हसता त्यांचं बोट मिशीवर गेलं. मग सगळ्यांनाच हसायची परवानगी मिळाली. नेन्यांचा नक्शा त्यांनी मागून घेतला, लई येळ बघितला. कठडा बाहेर का झुकवलाय ते इचारलं. हवा खायला येणारी माणसं इथून फिरतील का, तेबी इचारलं. मी नेन्यांचं म्हणणं सांगितलं: जिथून गाव चालतं तिथून फिरायला पाहुण्यालाबी आवडतं, ओसाड पुलावर कुणी फिरत न्हाई. तालुकदार साहेबांनी टाक मागितला आन नक्श्यावर 'मंजूर' लिहिलं. पाटलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणले, कुंपणातून एक वाट सोडा, तुमचे पाहुणे इथूनच येतील. पाटलाची मान आपोआप हलली.

अक्का मळ्यात निघून गेली आन येताना ओंजळभर पानं घेऊन आली, आधी नेन्यांना, मग मला.

तिसऱ्या दिवशी निघायचं म्हणून सकाळी मी सामान घेऊन उतारावर आलो. पुलाचं अजून एक लाकूडसुद्धा आलं नव्हतं. पण बघतो तर काय, एवढा मोकळा उतार पडलाय आन लोकं चुन्याच्या रेघांच्या आतूनच चालतेत! जाणारे डावीकडून, येणारे उजवीकडून. भारा घेतलेली बाई आली, समोरची कावड जरा सरकली. बैलगाडीवाला रेघांच्या तोंडाशी थांबला, बैलाला म्हणला, "आपलं तिकडून बाबा," आन बाजूनं पाण्यात उतरला. शिवाप्पा सायकलीवर बसून पाण्यापत्तुर आला, खांद्यावर घेऊन ओढा वलांडला, आन समोरच्या काठाला पुन्हा बरोबर रेघांच्या मधी ठेवून टांग मारली.

मी मधोमध उभा राहून तोंड उघडं टाकून बघत होतो. मागून अक्काचा आवाज आला.

"ए भानू, पुलावरून सरक की बाजूला! मागं लोकं खोळंबलेत."